आत खर्चलेले मोती

"हो की नाही? एवढंच विचारतोय मी," दादा म्हणाला. "उद्या ती वकीलबाईसुद्धा एवढंच विचारणार आहे. तेव्हाही अशीच गप्प बसणार आहेस का?"

"गप्प कुठे बसलेय? तीनदा सांगितलं. नाही. मी एकही मोती बाहेर विकलेला नाही," ताई म्हणाली.

"विकलास का असं कोणी विचारलंच नाही! किंमत बाहेर काढलीस का, असं विचारलंय."

रविवार होता. खाली दातांची लॅब बंद होती, तरी ओल्या प्लास्टरचा वास जिन्याने वर आलाच होता. जेवणं कधीच उरकली होती, पण ताटं कोणी उचलली नव्हती. टेबलाच्या टोकाला अण्णा बसले होते, डावा हात उजव्या हाताखाली दाबून, म्हणजे कंप दिसू नये. त्यांच्या शेजारी वहिनी. बारक्या मात्र बसायला तयार नव्हता. सहा फूट उंची, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले, पण घरात धाकटा म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. सकाळच्या बसने आल्यापासून तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला त्याचा खांदा कपाटाला घासत होता.

दादाला त्या खांद्याचाही राग येत होता. त्याला आज सगळ्याचाच राग येत होता. लॅबचा कारभार बघणारा तो. डॉक्टरांची बोलणी खाणारा तो, कवळी बसली नाही की पेशंटची बोलणी खाणाराही तोच. पहिल्यांदाच या घराच्या दारात काहीतरी मोठं येऊन उभं राहिलं होतं आणि बहीण त्याला कडी लावून बसली होती.

ते मोठं म्हणजे साखळी. ती बारक्याची कल्पना. ठिकठिकाणच्या लहान लहान दंत-लॅब त्याने एका जाळ्यात ओवल्या होत्या. ताईने पडद्यावर कोरलेली दाढ दुसऱ्या गावातल्या लॅबने वापरली की ताईच्या खात्यात मोती पडायचे. मोती हे साखळीचं स्वतःचं नाणं, हाताला न लागणारं, खिशात न वाजणारं. ते साखळीच्या आत खर्च करून दुसऱ्याचं डिझाइन घ्यावं, कोणाच्या मशीनवर वेळ घ्यावा, कोणाकडून काम शिकावं. नाहीतर बाहेरच्या बाजारात विकून रोख करावी.

पण घरच्यांना ती बाहेरची वाट बंद होती. सुरुवातीला लॅबवाले बिचकत होते. घरचेच लोक मोती विकून मोकळे झाले तर आपल्या मोत्यांना कुत्रं विचारणार नाही, हे त्यांना कळत होतं. तेव्हा अण्णा भर सभेत उभे राहिले होते. समोरच्यांपैकी निम्मे त्यांच्याच हाताखाली मेण कोरायला शिकलेले. "साखळी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत आमच्या घरातलं कोणी तिच्यातून किंमत बाहेर काढणार नाही," अण्णा म्हणाले होते. "हा माझा शब्द." त्या एका शब्दावर लोक आले.

आता एक मोठी कंपनी साखळीत निम्मी भागीदारी घ्यायला निघाली होती. तिची वकीलबाई उद्या घरी येणार होती आणि तो शब्द पाळला गेला का, हे प्रत्येकाला समोर बसवून विचारणार होती. आणि नेमकं गेल्या आठवड्यात मोत्याचा भाव धाडकन कोसळला. कोणीतरी ढीगच्या ढीग एका दमात विकला होता. बारक्याने माग काढला. विकणारा एक म्हातारा कारागीर निघाला. आणि त्याच्याकडे ते मोती आले होते ताईच्या खात्यातून.

"मास्तरांना मी फी दिली," ताई म्हणाली. "ते साखळीतले, मी साखळीतली. आतल्या आत दिले. दीड वर्ष शिकले मी त्यांच्याकडे."

"काय शिकलीस?" दादाने विचारलं. "तीस वर्षं दात करतेस. तुला आता कोण काय शिकवणार?"

"कान."

"काय?"

"कान. नाक. डोळ्याची खोबण. जळाल्यावर, अपघातात, ऑपरेशनमध्ये ज्यांचं जातं, त्यांना करून देतात तसे. मास्तर त्यातले उस्ताद आहेत. त्यांना ते सगळं कोणालातरी देऊन जायचं होतं आणि मला घ्यायचं होतं."

दादाच्या डोक्यात पटापट हिशेब जुळले. रविवारी लॅब बंद असताना खाली जळणारा दिवा, मेणाच्या संपलेल्या लाद्या, "जरा काम उरलंय" असं म्हणून ताईचं जिन्याने उतरणं.

"म्हणजे तू चाललीस," तो म्हणाला.

"हो. कामं नीट मिळायला लागली की."

"आणि दाढा कोण कोरणार?"

ताई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "बघ बारक्या. याला मोत्यांचं काही पडलेलं नाही. याला दाढा कोण कोरणार हे पडलंय."

---

वहिनी सकाळपासून ताईवर चिडलेली होती, आणि त्याचं कारण मोती नव्हते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला पोर्सेलिनच्या दातांना रंग द्यायला ताईनेच शिकवलं होतं. इतकी वर्षं दोघी एकाच दिव्याखाली बसत आलेल्या. आणि दीड वर्ष ही बाई शेजारच्या स्टुलावर बसून एवढं मोठं पोटात ठेवते? मला तरी सांगायचं होतं, हेच तिला लागलं होतं.

म्हणून बारक्या जेव्हा टेबलावर दोन्ही हात टेकून ओणवा झाला तेव्हा तिने त्याला थांबवलं नाही.

"ताई, मी तुला नीट समजावून सांगतो," तो म्हणाला. आवाज नीट नव्हता. "मोती आत फिरले हे मला मान्य. पण मास्तर सत्तरीचा माणूस. त्याला साखळीत काय घ्यायचंय? त्याला घराचं छप्पर करायचं होतं. त्याच्या हातात एवढा ढीग ठेवला तर तो विकणारच, हे तुला कळत नव्हतं? तू बाहेर काढलेस, फक्त दुसऱ्याच्या हातून काढलेस."

"मास्तरांनी कुठली शपथ घेतली नव्हती. त्यांच्या कष्टाचं त्यांनी काय करावं ते मी सांगायचं का?"

"बरं, ते सोड. तू काय घेतलंस ते बघ. एखादं डिझाइन घेतलं असतंस तर ते आत राहिलं असतं. मशीनचा वेळ घेतला असतास तर काम आत झालं असतं. तू विद्या घेतलीस! ती तुझ्या बोटांत गेली. उद्या तू दार उघडून चालू लागलीस की तीही चालली. मोती आत राहिले, पण किंमत बाहेर गेली. कळतंय का तुला?"

"मग कवळी?"

"काय कवळी?"

"साखळीतून डिझाइन घेऊन केलेली प्रत्येक कवळी कोणाच्या तरी तोंडात बसून बाहेरच जाते ना? ती काय आपण आत कोंडून ठेवतो?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"वेगळं आहे! धंदा आहे तो!"

इथे वहिनीच्या मनात काहीतरी खटकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पाण्याचा पेला उगाच फिरवत होता.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या खात्यातले मोती कुठे गेले?"

"माझे? माझं काय आता?"

"विचारतेय. तुम्हालाही पडायचेच ना. आपल्या मशीनचा वेळ दुसऱ्यांना दिला की पडायचे."

"लॅबसाठी वापरले. दुसऱ्यांची डिझाइनं घेतली. आतच."

"आणि त्या डिझाइनांचे दात डॉक्टरांना विकले. रोखीत."

"मग? ते काय फुकट वाटायचे?"

"नाही, वाटू नका. मी फक्त म्हणतेय की डिझाइनचा खर्च वाचला आणि दाताचे पैसे घरात आले. ताईंनी शिकवणी घेतली, ती बोटांत गेली. तुम्ही डिझाइन घेतलं, ते खिशात गेलं. मला फरक सांगा. मी रंगकाम करणारी बाई आहे, मला सोपं करून सांगा."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" दादा ओरडला.

"सकाळी तुमच्याच होते."

बारक्याने मध्ये हात घातला. "वहिनी, तू गोंधळ करू नकोस. आत खर्च करणं आणि बाहेर काढणं यात एक रेघ आहे. समोरचा आतला माणूस असला आणि घेतलेली गोष्ट साखळीच्या कामाला आली, की ती रेघेच्या अलीकडे. मी स्वतः तेच करतो. माझ्या खोलीचं भाडंसुद्धा मी मोत्यांत देतो, कारण घरमालक साखळीतला लॅबवाला आहे आणि मी तिथे राहून साखळीचंच..."

तो थांबला.

ताईने मान वर केली.

"खोलीचं भाडं," ताई सावकाश म्हणाली.

"मी तिथे साखळीचं काम करतो."

"झोपतोस ना पण? आंघोळ करतोस? गादीवर पडून मॅच बघतोस?"

"ताई, विषय बदलू नकोस!"

"हाच विषय आहे! तू झोपलास तर ते आत. दादाने दात विकले तर ते आत. आणि मी शिकले तर चोरी? का, सांगू? कारण तुम्ही दोघं घेऊन इथेच राहिलात. मी जाते आहे. तुम्हाला मोती गेल्याचं दुःख नाही. बाई गेल्याचं आहे, तेही कामाची म्हणून!"

वहिनीने उठून ताटं गोळा करायला सुरुवात केली. तिला रडू येत होतं, आणि ते तिला या तिघांनाही दाखवायचं नव्हतं.

---

बारक्याला आई आठवत नव्हती. त्याच्या आठवणीत जी कोणी होती ती ताईच. शाळेच्या दारात उभी असलेली ताई, तापात कपाळावर हात ठेवणारी ताई. साखळीचं पहिलं चित्र त्याने तिलाच दाखवलं होतं. तिने आपल्या सगळ्या दाढा त्याच्या एका शब्दावर त्यात टाकल्या होत्या, आणि आजही साखळीत सगळ्यात जास्त तिच्याच दाढा चालत. म्हणूनच तिच्या तोंडून 'मी जाते आहे' ऐकल्यावर त्याच्या अंगाची आग झाली. दादा गेला असता तर चाललं असतं. खरं तर बरंच झालं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग उद्या तू वकीलबाईला सांग, की मी किंमत काढली. साखळीतला माझा हिस्सा मी सोडते. म्हणजे बाकीचे सुटतील. शब्द एका माणसाने मोडला, घराने नाही."

"बारक्या!" अण्णा म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

"अण्णा, तुम्ही थांबा. तुमचाच शब्द वाचवतोय मी."

"माझा हिस्सा मी सोडणार नाही," ताई म्हणाली. "आणि चोर म्हणूनही उभी राहणार नाही."

"मग मला माझ्या परीने करावं लागेल."

त्याने खिशातून फोन काढला. साखळीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. कोणा लॅबने गैरव्यवहार केला तर खातं बंद करता यावं म्हणून ती सोय त्याने स्वतःच केली होती आणि ती वापरायची वेळ कधी आली नव्हती. अंगठा टेकवायला फार वेळ लागत नाही.

"बंद केलं तुझं खातं. चौकशी होईपर्यंत."

"काय केलंस?"

"ऐकलंस तू."

ताई उभी राहिली. "माझं सगळं काम आहे त्यात. फायली आहेत माझ्या. अरे, खाली माणूस येणार आहे आत्ता! त्याच्या कानाचं माप, साच्याची फाइल, सगळं त्यात आहे. आज मशीनवर लावायचं होतं."

"मग त्याला सांग, परत ये."

"चौथ्यांदा येतोय तो! दर वेळी दोन बस बदलून!"

"मला नको सांगूस ते. मास्तरला ढीग देताना विचार करायचा होतास."

ताईने टेबलावरचा पेला उचलला. वहिनीला वाटलं की आता ती तो फेकणार. पण तिने तो तसाच हातात घट्ट धरला, पुन्हा खाली ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुला मी वाढवलं. त्याची फी मी कोणाकडून घेतली रे? आत घेतली की बाहेर?"

बारक्या उत्तर देणार तोच खालची घंटा वाजली.

---

दारात वेल्डर उभा होता. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. टाकी फुटून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली होती. कातडी आता बरी झाली होती, पण कानाच्या जागी नुसती एक सुरकुतलेली कड आणि भोक राहिलं होतं. कामाचा मुखवटा डोक्यावर ठरत नाही, एका बाजूला कलतो, आणि गिऱ्हाईक बोलताना भलतीकडे बघतं, एवढीच त्याची तक्रार होती.

"वरून आवाज येत होते," तो म्हणाला. "मी नंतर येऊ का?"

"नाही. बसा," ताई म्हणाली.

तिने मशीन सुरू करून बघितलं. पडद्यावर तिचं नाव आलं आणि त्याखाली लाल रेघ. फाइल उघडेना. तिने पुन्हा एकदा, मग आणखी एकदा बघितलं. तिने मशीनचा खटका बंद केला, असा की मशीनही हललं.

मग कपाटातून मेणाची लादी काढली, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि वेल्डरच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसली.

"हा चांगला कान मला नीट बघू द्या. मान हलवू नका. बोललात तरी चालेल."

"मशीन करणार होती ना?"

"मशीनचं आणि माझं आज भांडण झालंय."

वेल्डर हसला आणि लगेच मान स्थिर केली.

अण्णा कधी खाली आले ते तिला कळलं नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी करत ते आले आणि तिच्या समोरच्या, पूर्वी त्यांच्या असलेल्या जागेवर बसले. ते बघत राहिले.

दात कोरायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण हे काम त्यांनी कधी बघितलं नव्हतं. दात कडक असतो, त्याच्या कडा सांगता येतात. इथे सगळंच वळत होतं. ताई उजवा कान बघायची आणि हात डावा कोरायचा. आरशात बघावं तसा, पण समोर आरसा नव्हता. पाळीची जाडी, आतली घडी, वरची कड दुमडते तिथला तो लहानसा खळगा. दोनदा तिने मेण दिव्यावर धरून मऊ केलं आणि केलेलं सगळं मोडलं. तिचं नाक लाल झालं होतं, गालावर पाण्याचा ओघळ वाळला होता, आणि हात मात्र असे चालत होते की जणू वर घरात काही झालंच नाही.

अण्णांचा डावा हात कधीचा सुटा झाला होता आणि मांडीवर थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"हे मास्तरांनी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"हे वळण मास्तरांचं. सुरी कशी धरायची ते तुमचं."

वहिनी ओल्या हातांनी जिन्यात उभी होती. ती खाली आली, वेल्डरच्या तोंडावर दिवा वळवला आणि त्याच्या गालाची कातडी डोळे बारीक करून बघायला लागली.

"नुसता गुलाबी चालणार नाही, ताई. इथे खाली थोडा पिवळा आहे, आणि भाजलेल्या कडेला जांभळट. सिलिकॉन ओताल तेव्हा रंग मी करणार."

"करशील?"

"मला आधी सांगितलं असतंत तर आतापर्यंत रंगाच्या पट्ट्या तयार करून ठेवल्या असत्या," वहिनी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण तो आता दुसऱ्या कामाला लागला होता.

ताईने मेणाचा कान वेल्डरच्या डाव्या बाजूला लावून धरला. दोघी समोर उभ्या राहून बघू लागल्या. वरची कड किंचित पुढे होती. ताईने सुरीने एक पापुद्रा काढला. पुन्हा धरला. या वेळी डोकं एक झालं. दुसरा शब्द नव्हता त्याला. मघापर्यंत एका बाजूने संपलेला माणूस दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला लागला.

जिन्यातून बारक्याचे पाय दिसले, मग बारक्या. त्याच्या मागे दादा.

"उघडलंय खातं," बारक्या जमिनीकडे बघत म्हणाला. "फाइल घे."

"नको. झालं."

त्याने वर बघितलं. मेणाचा कान बघितला, तिच्या हातातली सुरी बघितली.

"आता ऐक," ताई म्हणाली. ती हलली नाही, कान धरून तशीच उभी होती. "सकाळपासून मी भांडतेय की आत खर्च केला म्हणजे बाहेर काढलं नाही. उगाच भांडत होते. तूच बरोबर होतास. काढलं मी. मोती मास्तरांकडे गेले, मास्तरांचं छप्पर झालं, आणि मी घेतलं ते हे. तू माझं खातं बंद केलंस तरी हे बंद झालं नाही, म्हणजे ते बाहेरच आलं की रे. उद्या वकीलबाईला मी 'हो' म्हणून सांगणार आहे. पण एकटी नाही. दादा पण सांगेल. तू पण सांगशील. आणि हिस्सा मी सोडणार नाही."

"वेडी झालीस का?" दादा पुढे आला. "तिघांनी 'हो' म्हटलं तर कंपनी दारातून परत जाईल!"

"जाईल तर जाईल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला नाही कळत..."

"मला सगळं कळतं. शब्द मी दिला होता. माझ्या पोरांनी तो आपापल्या सोयीने वाकवला आणि प्रत्येकाला वाटलं, आपला तेवढा वाकलेला नाही. मोडलाय तो. मोडला असं मी लोकांना सांगेन. पण एका पोरीच्या माथी मारून मी तो सांभाळणार नाही. ऐकलंस, बारक्या? एवढं हलकट काम माझ्या घरात होणार नाही!"

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. बारक्या एकदम ओरडला, "चार वर्षं मी त्या खोलीत कुत्र्यासारखा राबलोय! तुम्हाला सगळ्यांना 'हो' म्हणायला काय जातंय!" आणि दार आपटून रस्त्यावर निघून गेला. कपाटातल्या प्लास्टरच्या कवळ्या खडखडल्या.

वेल्डर मान न हलवता म्हणाला, "मी हललो तर चालेल का आता?"

---

वकीलबाई दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. बारीक चणीची, हातात एक वही आणि पेन, दुसरं काही नाही. घरच्यांना टेबलाभोवती बसवून तिने आधी साखळी काढणाऱ्याला विचारायचं ठरवलं. बारक्या रात्री घरी आला नव्हता, सकाळी आला होता, आणि तो कोणाशी एक अक्षर बोलला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"आपण साखळीतून किंमत बाहेर काढली आहे का?"

ताईने बारक्याकडे बघितलं नाही.

"हो," बारक्या म्हणाला. रागानेच म्हणाला, दात आवळून. "राहत्या खोलीचं भाडं. चार वर्षांचं."

"ते आपण साखळीच्या आतच दिलंत, असं माझ्याकडे आहे."

"आतच दिलं. पण झोपलो मी." तो क्षणभर थांबला. "आणि माझ्यानंतर आमच्या बहिणीला विचाराल, तेव्हा तिचं खातं काल दुपारी मी बंद केलं होतं, हेही लिहा. कारण काही नव्हतं. राग आला होता."

वकीलबाईने लिहिलं. मग दादा. दादा अडखळला, घसा खाकरला, डॉक्टरांना रोखीत विकलेल्या दातांचं सांगताना दोनदा "तसं बघितलं तर" म्हणाला, पण शेवटी त्यानेही 'हो' म्हटलं. वकीलबाईने पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कल्पना आहे ना? असं असेल तर ठरलेली बोलणी रद्द होतात. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल, आणि या दराने तर नाहीच."

"कल्पना आहे," अण्णा म्हणाले. "लॅबवाल्यांना मी सकाळीच कळवलंय. काहींनी शिव्या दिल्या. तुम्ही तुमचं चालू द्या."

वकीलबाई ताईकडे वळली.

"आणि तुम्ही? किंमत बाहेर काढलीत?"

"हो."

"किती?"

ताईने विचार केला. तिच्या नखांत अजून मेण होतं.

"आतापर्यंत एक कान," ती म्हणाली.